लोहाची गोळी चहाबरोबर नको

नाचणी, मासे घरचेच असून कोकणातल्या गरोदर बायकांचं रक्त कमी कसं, असं कित्येकजण विचारतात. आमच्या दापोलीकडे बघते मी, लोहाची गोळी आरोग्य उपकेंद्रातून मिळते, पण घेतली जाते सकाळच्या कोऱ्या चहाबरोबर! चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० गोळ्या, बाळंतपणानंतर पुन्हा तेवढ्याच. लिंबूपाण्याबरोबर घ्या, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. गोळीमुळे शौचाला काळं होतं म्हणून घाबरून कित्येकजणी सोडून देतात. हे आधीच सांगायला हवं. आणि सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या सुनेला माशाची तुकडी उरते का, सासूबाईंनी बघावं. उरत नसेल तर भाजलेल्या जवळ्याची (सुक्या बारीक कोळंबीची) चटणी तरी भाकरीबरोबर वाढा.