शेवटी सगळ्यांचंच तारण होणार, असं मानणं बायबलला धरून आहे का?

शांतपाणी:
मागच्या महिन्यात माझे मामा गेले. देवाचं नाव काढलं की उठून बाहेर जायचे, विश्वास वगैरे काही नाही. पण आजी आठ वर्षं अंथरुणाला खिळून होती तेव्हा तिला कुशीवर वळवून चादर बदलणं, पाठीला पावडर लावणं, सगळं त्यांनीच केलं. दफनाच्या दिवशी एकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता प्रार्थना करून उपयोग नाही, दार बंद झालंय. तेव्हापासून धड झोप नाही. नंतर वाचलं की सुरुवातीच्या काळातले काही मोठे ख्रिस्ती शिक्षक शेवटी सगळेच तारले जातील असं मानायचे. खरंय का हे, की नुसतं मनाचं समाधान?

जुनीवही:
मामांचं वाचून वाईट वाटलं. हे नवीन खूळ नाही, फार जुनं आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ओरिजेन, मग चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी. त्याची बहीण माक्रिना मरणाच्या दारात असताना दोघं आत्म्याबद्दल बोलतात असा त्याचा एक संवाद आहे, त्यात दोराचं उदाहरण येतं. चिखल वाळून घट्ट बसलेला दोर बारीक भोकातून ओढला की चिखल खरवडून निघतो, पण दोराला ताण बसतोच. म्हणजे या लोकांनी शिक्षा नाकारली नव्हती, फक्त ती चिखल काढायला आहे, दोर फेकून द्यायला नाही असं त्यांचं म्हणणं. वचनं हवी असतील तर १ करिंथ १५:२२ ते २८, रोम ५:१८ आणि १ तीमथ्य २:४ सावकाश वाचा.

मेंढरू:
मनापासून सांगतो, मला हे पटत नाही, आणि हे लिहिताना मला माझे वडील आठवतायत, त्यामुळे कठोर समजू नका. मत्तय २५:४६ मध्ये शिक्षा पण सार्वकालिक आणि जीवन पण सार्वकालिक, शब्द एकच, मग एक संपणार आणि दुसरं नाही असं कसं म्हणायचं? सुरुवातीच्या चर्चमधला मोठा शिक्षक ऑगस्टिन, त्याने हाच मुद्दा मांडलाय. लूक १६ मध्ये तर मेल्यावर यातनेत पडलेला श्रीमंत आणि अब्राहामाजवळ असलेला लाजर यांच्या मधे मोठी दरी आहे, ओलांडता येत नाही. आणि ५४३ साली सम्राट जस्टिनियनच्या फर्मानात शिक्षा कधीतरी संपेल म्हणणाऱ्यांचा स्पष्ट धिक्कार आहे. शिवाय ज्याला देव नकोच आहे त्याला देव ओढून आणणार का?

जुनीवही:
ऑगस्टिनचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. मूळ ग्रीक शब्द 'आयोनियोस', तो 'आयोन' म्हणजे युग यावरून आलाय, पण तेवढ्यावर वाद मिटत नाही. फर्मानाचंही खरं, फक्त रोख ओरिजेनवर होता. ग्रेगरीला चर्च आजही संत मानतं, हे कसं विसरायचं?

ओंजळ:
मला वाटतं इथे दोन गोष्टी एकत्र होतायत. सगळे तारले जातीलच असं ठामपणे शिकवणं वेगळं आणि सगळ्यांसाठी आशा धरणं वेगळं. विसाव्या शतकातले कॅथलिक धर्मशास्त्री हान्स उर्स फॉन बाल्थासार हेच सांगत राहिले, निकाल माहीत असल्यासारखं बोलू नका, पण एकालाही आशेतून वगळू नका. कॅथलिक धर्मशिक्षणातही (परिच्छेद १०५८) कोणाचाही नाश होऊ नये म्हणून चर्च प्रार्थना करतं असं आहे. आणि ते दार बंद झाल्याचं जे तुम्हाला सांगितलं त्याने मला खरंच त्रास झाला, दफनाच्या दिवशी कोणी असं बोलतं का! प्रकटीकरण २१:२५ काढून बघा, देवाच्या नव्या यरुशलेम नगरीच्या वेशी दिवसा बंद होणारच नाहीत आणि तिथे रात्र नाही. लगेच २७ व्या वचनात अशुद्ध काही आत जाणार नाही असंही आहे, ते पण वाचा, मी लपवत नाही.

मेंढरू:
आशेला माझा विरोध नाही, शिकवण म्हणून सांगण्याला आहे. तुमच्या मामांसाठी आज मी पण प्रार्थना करेन.

शांतपाणी:
सगळ्यांचे आभार, मेंढरू तुमचे जास्तच. २५ आणि २७ दोन्ही वचनं चार वेळा वाचली. जुनीवही, ग्रेगरीचा तो बहिणीबरोबरचा संवाद मराठीत कुठे मिळेल का? आईला वाचून दाखवायचाय, तिचाही भाऊच गेलाय.