समुद्रातील तेल-सुरक्षेचा प्रमुख तेल कंपनीतूनच यावा का?

सुरुंगी (कोलवा)

गोव्यासमोरच्या समुद्रात तेल काढणारा एकही प्लॅटफॉर्म नाही. तरीही हा विषय मी येथे मांडत आहे, कारण मे महिन्यात वारे फिरले की आमच्या वाळूवर डांबराचे गोळे येऊन पडतात. गेल्या मे महिन्यात माझ्या नातीच्या टाचेला लिंबाएवढा गोळा चिकटला. साबणाने तो हलेना, शेवटी खोबरेल तेल लावून चोळत बसावे लागले. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी अशा गोळ्यांचे मूळ शोधताना जहाजांनी सोडलेल्या तेलाबरोबरच मुंबई हायच्या तेलक्षेत्राकडेही बोट दाखवलेले आहे.

त्या क्षेत्राच्या सुरक्षेवर देखरेख ठेवते ते नोएडातील ऑइल इंडस्ट्री सेफ्टी डायरेक्टोरेट. हे कार्यालय १९८६ पासून आहे आणि २००८ च्या नियमांनुसार समुद्रातील तेलकामांच्या सुरक्षेचे अधिकार त्याच्याकडे आले. ते पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत असून तेथील अधिकारी प्रामुख्याने तेल कंपन्यांतून प्रतिनियुक्तीवर येतात. म्हणजे उत्पादन वाढवण्याचा आग्रह धरणारे मंत्रालय आणि काम थांबवण्याचा अधिकार असलेले कार्यालय एकाच छपराखाली आहेत, आणि ज्याने ‘थांबवा’ म्हणायचे त्याची पुढची बढती ज्या कंपनीत ठरायची, तिलाच ते सांगायचे आहे.

ही रचना इतर देशांनी मोठी किंमत मोजून सोडून दिली. ब्रिटनमध्ये ६ जुलै १९८८ रोजी पायपर अल्फा प्लॅटफॉर्म जळाला आणि १६७ माणसे गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीनंतर समुद्रातील सुरक्षेचे काम ऊर्जा खात्याकडून काढून कामगार-सुरक्षेच्या स्वतंत्र यंत्रणेकडे देण्यात आले. अमेरिकेत तेलक्षेत्रांचे भाडेपट्टे देणे, महसूल गोळा करणे आणि सुरक्षा तपासणे ही तिन्ही कामे एकच कार्यालय करीत असे. एप्रिल २०१० मध्ये डीपवॉटर होरायझन या समुद्रात विहीर खोदणाऱ्या प्लॅटफॉर्मवर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडल्यावर ते मोडावे लागले. त्या मोडतोडीच्या काळात प्रमुख म्हणून मायकेल ब्रॉमविच हे वकील आले, तेल-अभियंता नव्हे. आपल्याकडेही प्रमुख तेल कंपन्यांच्या बाहेरचा असावा, असे माझे ठाम मत आहे.

दीपस्तंभ (वास्को)

सुरुंगीताई, आपली कळकळ पटते, पण निष्कर्षाला माझा विरोध आहे. मी २२ वर्षे प्लॅटफॉर्मवर काम केले आहे आणि तेथे धोका कागदावर दिसत नाही, मापकावर दिसतो. डीपवॉटर होरायझनचेच घ्या. स्फोटाच्या काही तास आधी विहीर बंद झाली आहे की नाही याची दाब-चाचणी घेतली, तेव्हा ड्रिल पाइपवर, म्हणजे खोदाईच्या नळीवर, १,४०० पीएसआय (दाबाचे एकक) दाब होता आणि शेजारच्या किल लाइनवर, म्हणजे विहिरीत उतरणाऱ्या दुसऱ्या नळीवर, शून्य. दोन्ही नळ्या एकाच विहिरीला जोडलेल्या असताना हे आकडे एकत्र संभवतच नाहीत. एक तर विहिरीतून दाब येत आहे किंवा एक नळी तुंबलेली आहे. हे ज्याला क्षणात कळत नाही त्याने सुरक्षेच्या प्रमुखाच्या खुर्चीत बसून करायचे काय? हाताखालचे लोक जे सांगतील त्यावर सही?

बेतूलच्या केंद्रात मी हेलिकॉप्टर पाण्यात उलटल्यावर बाहेर पडण्याचे प्रशिक्षण घेतले आहे. पट्ट्याने बांधलेल्या अवस्थेत पाण्याखाली उलटे झाल्यावर एका हाताने खिडकीची कड धरून ठेवायची आणि सांगाडा फिरायचा थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. नाकात पाणी जात असते आणि ते काही क्षण संपता संपत नाहीत. जो यातून गेला आहे, तो कामगाराच्या जिवाशी तडजोड करणार नाही.

सुरुंगी (कोलवा)

आपण दिलेलेच उदाहरण मला उपयोगी पडते. तो १,४०० चा आकडा पाहणारे लोक वकील नव्हते, अनुभवी ड्रिलर होते. आकडा जुळत नाही हे त्यांना दिसले, त्यांनी त्यासाठी एक सोयीचे स्पष्टीकरण शोधले आणि चाचणी यशस्वी ठरवून पुढचे काम सुरू केले, कारण विहीर आधीच वेळापत्रकाच्या मागे पडली होती. ज्ञान होते, थांबण्याची मोकळीक नव्हती. पायपर अल्फा जळत असताना शेजारचे क्लेमोर आणि टार्टन हे प्लॅटफॉर्म त्याच नळीजाळ्यात पंप करीतच राहिले, तेथेही तेलातलीच माणसे होती. आपल्या धैर्याबद्दल मला शंका नाही, पण संस्था व्यक्तीच्या धैर्यावर उभी करता येत नाही.

नांगर (पणजी)

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. अमेरिकेत २०११ मध्ये सुरक्षेसाठी स्वतंत्र ब्यूरो झाला, तेव्हा ब्रॉमविच यांच्यानंतरचे त्याचे दोन संचालक, जेम्स वॉटसन आणि ब्रायन सॅलेर्नो, तटरक्षक दलातून आले होते. नंतर २०१७ मध्ये लुइझियानाच्या राजकारणातले स्कॉट अँजेल आले आणि २०१९ मध्ये विहीर-नियंत्रणाचे २०१६ चे नियम सैल झाले. कार्यालय तेच होते.

आपल्याकडे समुद्र जाणणारा माणूस हवा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती, आणि तिकडे मुंबईपासून दूर पी-३०५ हे निवासी बार्ज (तेलकामगारांच्या राहण्याची तराफ्यासारखी मोठी बोट) २६१ माणसांसह नांगर टाकून उभे होते. हवामान खात्याचे इशारे कित्येक दिवस आधीपासून येत होते. नांगर तुटले, बार्ज वाहत जाऊन एका प्लॅटफॉर्मवर आदळले आणि बुडाले. ७० हून अधिक माणसे गेली. त्या दिवसांत दाबमापक वाचणाऱ्याची नव्हे, बार्ज बंदरात आणायला लावणाऱ्याची गरज होती.

दीपस्तंभ (वास्को)

पी-३०५ वर माझ्या ओळखीची माणसे होती, त्यामुळे याविषयी शांतपणे लिहिणे मला कठीण जाते. बार्ज आणायलाच हवे होते. पण केवळ समुद्र जाणून भागत नाही. २७ जुलै २००५ रोजी आपल्याच एका बोटे कापलेल्या स्वयंपाक्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर पोहोचवायला समुद्र सुरक्षा हे जहाज मुंबई हाय नॉर्थला भिडले. आदल्या दिवशीच्या पावसाने हेलिकॉप्टरे उडत नव्हती, म्हणून जहाज आले. त्याचा धक्का लागला तो गॅसने भरलेल्या रायझरला, म्हणजे समुद्रतळापासून प्लॅटफॉर्मपर्यंत येणाऱ्या उभ्या नळीला. दोन तासांत प्लॅटफॉर्म नाहीसा झाला आणि २२ जण गेले. जहाज कोणत्या बाजूने लावायचे हा प्रश्न खलाशाचा, त्या बाजूला उघडा रायझर का आहे हा प्रश्न तेल-अभियंत्याचा. माणूस एकच नेमायचा असेल तर मी अजूनही दुसरा प्रश्न विचारू शकणारा निवडेन.

परतीच्या वाटेबद्दल मात्र सुरुंगीताईंचे म्हणणे मी मान्य करतो. प्रतिनियुक्तीवर गेलेला माझा एक वरिष्ठ कडक तपासणी-अहवाल लिहून परत आला, तेव्हा त्याला तीन वर्षे अडगळीच्या टेबलावर बसवले होते.

सुरुंगी (कोलवा)

मग आपण फार दूर नाही. नॉर्वेने २००४ मध्ये सुरक्षेचे कार्यालय तेल-संचालनालयातून वेगळे केले, तेव्हा मॅग्ने ओग्नेडाल प्रमुख झाले. ते १९८० पासून सुरक्षेचेच काम पाहत होते. त्यांना विहीर कळत होती आणि परत जायला कोणतीही कंपनी नव्हती. आपल्या डायरेक्टोरेटला स्वतःची भरती, स्वतःची बढती आणि स्वतःचे निवृत्तिवेतन द्यावे आणि प्रमुख त्यांच्यातूनच निवडावा. मग तो आधी अभियंता होता की खलाशी, याचा आग्रह मी धरणार नाही.

दीपस्तंभ (वास्को)

असे अधिकारी तयार व्हायला १५ वर्षे लागतील. तोपर्यंत प्रतिनियुक्तीवर येणाऱ्या प्रमुखाने कंपनीतला हक्क सोडूनच यावे आणि त्या बदल्यात सरकारने त्याला पाच वर्षांची निश्चित मुदत द्यावी. या अटीवर येणारे थोडेच असतील, पण मी नोकरीत असतो तर अर्ज केला असता.