पॉवर प्रेसची जाळी काढून काम करायला लावतात, नाही म्हणता येतं का?

कुपवाड_प्रेसशॉप
कुपवाड एमआयडीसीतलं छोटं प्रेस शॉप आहे, पंचवीसेक कामगार. पत्रा डायमध्ये (साच्यात) दाबून आकार देणारं मशीन, 40 टनी सी-फ्रेम (समोरून उघडं), की क्लचचं, पायडलवर चालणारं. जॉब (पत्र्याचा तुकडा) हातानं लावताना मध्ये येते म्हणून डायपुढची जाळी काढून ठेवलीय. सुपरवायझर म्हणतात, पायडल सोडलं की मशीन थांबतं, काही होत नाही. मालक आता सेन्सर बसवू म्हणतायत. बरीच पोरं ठेकेदाराची आहेत, त्यांच्या पगारातून हातमोज्यांचे पैसे कापतात. जाळीशिवाय काम करायला नाही म्हणता येतं का? आणि उद्या कुणाचं बोट गेलं तर बघायचं कुणी, कंपनीनं की ठेकेदारानं?

टूलरूम_मिरज
दादा, आधी सेन्सरचं बोलतो, कारण तिथं पैसे वाया जातील आणि बोटंही जातील. की क्लचमध्ये की (क्लचची खुंटी) एकदा फ्लायव्हीलला (मोटरनं फिरणाऱ्या जड चाकाला) धरली की रॅम (वरून खाली येऊन दाबणारा भाग) पूर्ण फेरा मारूनच वर येतो. मध्येच थांबवायची सोय त्या क्लचला नसतेच. सेन्सरनं हात बघितला तरी रॅम खाली येणारच. सेन्सर हवेच्या क्लच-ब्रेकवाल्या प्रेससाठी असतो. म्हणजे पायडल सोडल्यावर मशीन थांबतं हेही साफ चूक आहे. पुढचा स्ट्रोक होत नाही, एवढंच.

दोन्ही हातांनी एकदम दाबायच्या बटणांनीही इथं भागत नाही. मिनिटाला 60 स्ट्रोकचं मशीन धरा. की धरायची जागा एकच असेल तर बटण दाबल्यापासून डाय मिटेपर्यंत दीड सेकंद लागू शकतो. हाताचा वेग सेकंदाला 1600 मिमी धरतात. म्हणजे बटणं डायपासून 2.4 मीटर लांब पाहिजेत. तेवढ्या लांब उभं राहून जॉब कोण लावणार?

म्हणून जाळीच. जॉब आत सरकवायला खालून फट ठेवा, पण मापात. फट 6 मिमीपर्यंत असेल तर जाळी धोक्याच्या जागेपासून किमान 10 मिमी लांब, 12 मिमीपर्यंत असेल तर 100 मिमी. जॉब हातानं ठेवायचाच नाही. सरकता ट्रे किंवा घसरपट्टी करून घ्या, म्हणजे जाळी आड येत नाही. चिमटा जोडीला चालेल, जाळीच्या बदल्यात नाही.

दुसरा धोका डबल स्ट्रोकचा. की झिजली, तिची स्प्रिंग तुटली किंवा ब्रेकच्या पट्ट्याला तेल लागलं की पाय काढल्यावरही रॅम परत येतो. रोज शिफ्ट सुरू करताना जॉब न लावता काही स्ट्रोक मारून बघा. रॅम वरच्या टोकाला न थांबता पुढं घसरत असेल तर मशीन बंद ठेवून फिटरला बोलवा. पायडलवर पत्र्याचं झाकण हवं, नाहीतर वरून एखादा जॉब पडला तरी स्ट्रोक बसतो. आणि डाय बदलताना मेन स्विचला कुलूप लावायचं, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्यायचं (मोटर बंद केल्यावरही ते बराच वेळ फिरतं), रॅमखाली ठोकळा लावायचा, मगच हात घालायचा.

कामगार_कायदा_सांगली
21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता 2020 लागू आहे. तिच्या कलम 14 प्रमाणे गंभीर इजेचा धोका समोर दिसत असेल तर कामगार तो मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्याही नजरेला आणू शकतो, आणि धोका खरा असेल तर मालकानं लगेच उपाय करायचा असतो. ठेकेदाराच्या पोरांनाही हा हक्क आहे. मात्र नुसतं ‘काम करत नाही’ म्हणून घरी जाऊ नका, ते गैरहजेरीत धरतील. लेखी द्या: तारीख, मशीन नंबर, काय काढलंय, कुणाला सांगितलं. शेवटी ‘जाळी बसवा किंवा दुसरं काम द्या’ असं लिहा. दोन प्रती करून एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवा, आणि एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला. तक्रार कुणी केली हे निरीक्षकानं उघड करायचं नसतं.

सुरक्षेसाठी दिलेल्या वस्तूंचे पैसे कापता येत नाहीत. हातमोज्यांची कपात बेकायदा आहे, पगाराच्या पावत्या जपून ठेवा.

बोटाचं म्हणाल तर पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा). ठेकेदारानं हप्ता भरला नाही तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही. कामावर झालेल्या इजेला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, अमुक महिने हप्ते भरलेले असावेत अशी अट नाही. बरं होईपर्यंत सरासरी रोजंदारीच्या 90 टक्के मिळतात. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता 14 टक्के घटली असं धरतात, त्यावरून पुढची कायमची रक्कम ठरते. प्रत्येकानं आपला दहा आकडी विमा नंबर आणि हप्ते जमा होतात का, हे आजच बघावं.

लघुउद्योग_सातारा
मालकाच्या बाजूनं सांगतो. जाळी नसल्यामुळं गंभीर इजा झाली तर त्याच संहितेत एक वर्षापर्यंत कैद किंवा 2 ते 4 लाख दंड, किंवा दोन्ही. त्यापुढं जाळी आणि ट्रेचा खर्च काहीच नाही. आमच्या सेटर (डाय बसवणाऱ्या) लोकांना मात्र एक कळकळीनं सांगणं: बसवलेली जाळी पीस रेटसाठी (नगामागे मिळणाऱ्या पैशासाठी) स्वतः काढू नका. सुरक्षेची साधनं न बिघडवणं ही कायद्यानं कामगाराची जबाबदारी आहे. आणि हातमोजे पत्रा हाताळताना घाला, ड्रिलवर नको. मोजा बिटात गुंडाळला की अख्खा हात ओढला जातो.

कुपवाड_प्रेसशॉप
उद्याच अर्ज देतो. जाळी बसेपर्यंत अपघात झालाच तर पहिल्यांदा काय करायचं?

टूलरूम_मिरज
जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा. तुटलेलं बोट पाण्यानं हलकंसं धुवून ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फावर थेट ठेवलं तर पेशी मरतात आणि जोडता येत नाही. थेट मिरजेला, जिथं प्लास्टिक सर्जन आहे तिथं फोन करून न्या. 48 तास किंवा त्याहून जास्त काम बुडणार असेल तर मालकानं निरीक्षकाला कळवणं सक्तीचं आहे. ईएसआयचा अपघात अहवालही त्याच दिवशी भरायला लावा, आणि त्यावर ‘घरी लागलं’ असं कुणी लिहीत असेल तर सही करू नका.