माळवदाच्या वाड्याचा काळ कसा ओळखायचा? वरून स्लॅब टाकावा का?

औसेकर_वाडा (प्रश्न)
औसा तालुक्यातलं जुनं घर आहे. पुढे दगडी कमानीची ढेलज (प्रवेशाची देवडी), आत चौक, चौकाच्या तीन बाजूंना लाकडी खांबांची ओसरी आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. मागच्या अंगाला दोन खोल्या, त्यांचं छत लोखंडी गर्डर आणि शहाबादी फरशीचं. घरातली मोठी माणसं घर तीनशे वर्षांचं सांगतात. हे कशावरून पडताळायचं? दुसरं, ओसरीचे दोन खण (खांबांमधले गाळे) पावसात गळतात. मिस्त्री म्हणतो, माती तशीच ठेवा, वर चार इंच काँक्रीट टाकून देतो. टाकावं का?

तुळई_आणि_खण
अख्ख्या घराला एक वय लावू नका दादा. वर्णनात तीन बांधण्या आहेत, तिन्हींचा काळ वेगळा निघेल.

मागून सुरुवात करा. गर्डरच्या मधल्या उभ्या पट्टीवरचा रंग खरवडला की बऱ्याचदा कारखान्याचं उठावदार नाव सापडतं. डॉर्मन लाँग ही इंग्रजी कंपनी असेल तर माल विलायती. टाटा असेल तर १९१२ च्या आधीचा असूच शकत नाही, साकचीला (आजचं जमशेदपूर) पोलाद निघालं तेच त्या साली. गर्डर आणि फरशी दोन्ही वजनदार माल, आणि बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली १९११ साली. त्यामुळे मागच्या खोल्या शंभरेक वर्षांच्या आतबाहेरच्या धरायला हरकत नाही.

ओसरीचं काम अवघड. सुरूदार (सुरूच्या झाडासारखे निमुळते) खांब, केळफुलाची नक्षी, महिरपी कमान ही अठराव्या शतकातल्या मराठा वाड्यांची ओळख, मुळात मोगली वळणाची. पण आपल्याकडचे सुतार हीच नक्षी विसाव्या शतकातही काढत होते. शिवाय जुना वाडा पडला की त्याचं सागवान दुसऱ्या घरात जायचं. खांबावर किंवा तुळईवर रिकामी खोबण दिसली, जिच्यात काहीच बसत नाही, तर ते लाकूड दुसरीकडून आलेलं आहे. म्हणून नुसत्या नक्षीवरून साल काढू नका. खिळे बघा: हाताने घडवलेला चौकोनी खिळा जुना, गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरचा. वीट असेल तर जाडी मोजा. इंच-दीड इंचाची चपटी वीट चुन्यात बसवलेली असेल तर काम जुनं, तीन इंच जाडीची नऊ इंची वीट अलीकडची.

ढेलज आणि ओसरीच्या भिंती जिथे भेटतात तिथला गिलावा हातभर काढा. दगड एकमेकांत दातेरी गुंतले असतील तर दोन्ही एकाच वेळचं. सरळ उभी फट असेल तर एक भाग मागाहून जोडलाय. या एका खुणेवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे.

पांढरीची_माती
स्लॅबचं उत्तर: नाही, अजिबात नाही.

अशा खांबांच्या माळवदाचं ओझं सहसा भिंतीवर नसतं. खांब, त्यावर तुळई, तुळईवर सर (आडव्या कड्या), त्यावर किलचण (लाकडी चिपांचा थर), मग पाला-पऱ्हाट्यांचा थर आणि वर पांढरी माती. भिंत फक्त आडोसा. आता वजन बघा. शंभर चौरस फुटांवर एक फूट माती म्हणजे सुमारे साडेचार टन. गळती लागली की दर मिरगाआधी नवा थर टाकत गेल्याने पुष्कळ घरांत माती दोन फुटांवर गेलेली असते, म्हणजे नऊ टन. त्यावर चार इंची काँक्रीट आणखी सव्वादोन टन. खालची माती दमट राहते, वरून सुकू शकत नाही, आणि भिंतीत गेलेली तुळईची टोकं आतल्या आत कुजतात. वरून सगळं ठणठणीत दिसत असतं, हाच खरा धोका.

करायचं ते असं. आधी खालून आधाराचे खांब लावा. माती एक एक खण करत उतरवा. एका बाजूची पूर्ण काढून दुसरी तशीच ठेवली तर सांगाडा कलतो. तुळईची टोकं टोच्याने टोचून बघा, सहज आत गेला तर तेवढा तुकडा बदला. परत भरताना एकूण जाडी सहा ते आठ इंच, मधे जाड प्लास्टिकचा अखंड कागद, आणि पन्हळीकडे दहा फुटांना तीन इंच उतार. माती गावठाणाची पांढरीच हवी. शेतातली काळी उन्हात भेगाळते आणि पहिल्याच पावसात पाणी आत घेते.

दगडी_भिंत
छत हलकं केल्यावर भिंत विसरू नका. तुमचा तालुका किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटेच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. अशा भिंतीत आतली आणि बाहेरची दगडाची रांग वेगळी असते, मधे चिपा आणि माती. दोन्हींना बांधणारा आरपार दगड नसला की भिंत पोट काढते आणि फुटते. लाकडी सांगाडा मात्र अनेक ठिकाणी उभा राहिला होता, म्हणून तो जपा. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू ठोका.

भिंतीला आडव्या अंतरात चार फुटांवर, उभ्या अंतरात दोन फुटांवर, एकाआड एक अशी तीन इंची आरपार भोकं पाडा. दोन्ही टोकं वाकवलेली ८ मिमीची सळई घालून काँक्रीट भरा. हातोड्याचे दणके नकोत, दगड पहारीने हलवून काढा.

औसेकर_वाडा
भिंतीला एका ठिकाणी पोट आहेच, साधारण तीन इंच. तिथेही हीच भोकं पाडायची का? आणि काम कधी काढावं?

दगडी_भिंत
पोट आलेल्या जागी भोकं पाडू नका, आतला भराव सुटून रांग कोसळेल. वरच्या छताला टेकू देऊन तेवढा भाग उतरवा आणि आरपार दगड घालत नव्याने बांधा. काम संक्रांतीनंतर लगेच काढा, म्हणजे माती चोपून सुकायला मे पर्यंत वेळ मिळतो. उघडं माळवद वळवाच्या पावसात सापडता कामा नये. ताडपत्री पहिल्या दिवसापासून जागेवर ठेवा.