कोयतीचं म्यान: पाइप उलगडून करावं की कायडेक्सची शीट आणावी?

कुळागरी (धागाकर्ता)

कोयती किंवा मासळी कापायच्या सुरीसाठी कायडेक्सची शीट मागवणं हा मला निव्वळ हौसेचा खर्च वाटतो. कायडेक्स म्हणजे अॅक्रिलिक आणि पीव्हीसीचं मिश्रण. १९६५ साली ते विमानांच्या आतल्या भागांसाठी निघालं आणि पुढे पिस्तुलांची होल्स्टरं, सुऱ्यांची म्यानं करणाऱ्यांनी उचललं. त्यातला पीव्हीसी आपल्याकडे प्रत्येक बांधकामाच्या मागच्या बाजूला पडलेला असतो. ११० मिमी पाइपचा दीड हात तुकडा घ्या, म्यान होतं.

कृती नीट देतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल.

आधी व्हर्नियर कॅलिपरने पाइपची जाडी मोजा. दोन ते अडीच मिमी हवी. तीनच्या वर गेली तर पात्याचा आकार उठत नाही. ११० च्या पाइपचा घेर साधारण ३४५ मिमी, त्यामुळे उभा चिरून उलगडला की कोयतीच्या दोन्ही बाजू एकाच तुकड्यातून दुमडून निघतात. लांबी मात्र हिशेबापेक्षा जास्त कापा. पाइप कारखान्यात ओढून काढलेला असतो, तो तापला की लांबीत आखडतो. ३०० मिमीला १५ मिमी जादा धरा.

हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) हजार-दीड हजारात येते. तिचं तोंड तुकड्यापासून ८-१० सेंमी दूर ठेवून सतत फिरवत राहा, एका जागी थांबलात की पिवळट डाग आलाच. तुकडा ओल्या चामड्यासारखा लोंबायला लागला की दोन लाद्यांमध्ये दाबा, वर पाटा-वरवंट्यातला पाटा ठेवा, पूर्ण थंड होऊ द्या.

साचा म्हणून खरी कोयती वापरू नका. ४ मिमी हार्डबोर्डात तिची प्रतिकृती कापा आणि पात्याच्या भागाला मास्किंग टेपचे दोन थर द्या, तेवढी फट आत मिळते. तुकडा पुन्हा तापवा, साच्यावर दुमडा, दोन १८ मिमी प्लायवूडच्या फळ्यांमध्ये जाड बंद-छिद्री फोम घालून चार जी-क्लॅम्पने आवळा. पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. इथे घाई केली की मधला भाग फुगतो.

कडेला तीन मिमीची पट्टी सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवून मग बोल्ट मारा. ही पट्टी धारेच्या समोर येते, त्यामुळे धार म्यानाच्या जोडात शिरत नाही. पाइपचा हा मोठा फायदा: चिकटवायचा पदार्थ प्लंबरकडेच मिळतो.

खारवाटेवरून

सगळं बरोबर, पण मूळ दोष झाकलात. पाइपला आपण पाइप होतो हे विसरता येत नाही. उलगडून सपाट केलेला तुकडा दुसऱ्यांदा तापवला की कडा परत गोल व्हायला बघतात. म्यान करताना तुम्ही नेमकं तेच करता, दुसऱ्यांदा तापवता. क्लॅम्पखाली नीट दिसतं, दोन महिन्यांनी तोंड उघडतं आणि सुरी सैल होते. होडीवर सैल सुरी म्हणजे पाण्यात गेलेली सुरी.

कायडेक्सची शीट रुळांतून सपाटच निघते, तिला परत जायला जुना आकार नसतो. वर अॅक्रिलिकमुळे चिवट. पातळ, लवचिक सुरीला २ मिमी शीट १६५ ते १७५ अंशांवर तापवली की मुठीजवळचा बारीक खाचखळगाही उठतो, आणि म्यानात घालताना टक् असा आवाज येतो. पाइपमध्ये तो टक् आणून दाखवा. शिवाय उन्हाचं काय? कायडेक्स आपल्या उन्हात टिकतं, पाइप ढिला पडतो.

कुळागरी

आकाराच्या आठवणीचा मुद्दा मान्य, पण त्यावर इलाज आहे. सपाट करताना घाई न करता १३० अंशांवर दहा मिनिटं दाबाखालीच ठेवायचं, म्हणजे आतला ताण बराचसा सुटतो. हीट गनने हे साधत नाही, भंगारातला टोस्टर ओव्हन लागतो. लोक हीच पायरी गाळतात आणि मग पाइपला नावं ठेवतात.

उन्हाचं मात्र चुकीचं लिहिलंत. कायडेक्स आणि साधा पीव्हीसी, दोन्ही मऊ व्हायला लागतात ते ७५-८० अंशांच्या आसपासच. मे महिन्यात काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या जवळ पोचतो. तिथे ठेवलंत तर महागडं म्यानही वाकडं होईल. ऊन लागू द्यायचं नाही, हे दोघांनाही सारखंच लागू.

रेंदेरमळा

तुम्ही दोघेही सुरीचं बोलताय. कोयती वेगळी असते बाब. तिची चोच पुढे वळलेली, धार आतल्या वळणावर. चोचीपाशी रुंदी जास्त, मुठीलगतच्या गळ्यापाशी कमी. दोन्ही कडा बंद करून घट्ट साचा काढलात तर कोयती आत जाणारच नाही, किंवा साच्यात असतानाच अडकून बसेल. चोच जाईल एवढं तोंड ठेवलंत तर गळ्याशी खुळखुळते.

म्हणून पाठीची बाजू गळ्यापासून अर्ध्यापर्यंत उघडी सोडायची आणि कोयती वरून न घालता बाजूने फिरवून बसवायची. म्यान पकडतं ते फक्त चोचीला आणि धारेच्या वळणाला. पाठीवरून एक पट्टा, त्याला बटण किंवा वेल्क्रो. हे पाइपचं असो वा कायडेक्सचं, आकार हाच लागतो. हा फरक धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवा होता.

आणि मुळात माझं मत म्यानाविरुद्धच आहे. कमरेची लाकडी आकडी शतकभर चालली ती उगाच नाही. गावठी कोयती बहुधा गाडीच्या कमान पाट्याच्या पोलादाची, म्हणजे गंजणारी. आकडीला लटकली की तिला वारा लागतो. प्लास्टिकच्या पोटात माडाचा रस, चीक, पावसाचं पाणी साचून राहतं. जुलैत चार दिवस तशीच ठेवा आणि पातं काढून बघा.

खारवाटेवरून

आकडी माडावर ठीक. स्कूटरच्या डिकीत उघडी कोयती टाकून बाजारात जाणार का? बस किंवा गर्दीत धार झाकलेलीच हवी.

पाणी साचण्यावर उपाय साधा: सगळ्यात खालच्या टोकाला ६ मिमीचं भोक. सुरी टोक खाली करून लटकते, म्हणून भोक टोकाच्याही खाली हवं, बाजूला नको. खाऱ्या पाण्यात वापरलं की म्यानही गोड्या पाण्याने आतून धुवायचं, नुसती सुरी नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या ६१ दिवसांत सुरी म्यानात ठेवूच नका, तेल लावून कागदात गुंडाळा.

रेंदेरमळा

भोकातून पाणी जाईल, वाळू जाणार नाही. आत अडकलेला एक कण प्रत्येक वेळी पात्यावर तीच रेघ ओढतो.

उसगावचा प्लंबर

एचडीपीईचे निळे ड्रम का नाही कुणी घेत? फुकटात मिळतात, पडून फुटत नाहीत.

कुळागरी

फुटत नाहीत, पण आकारही धरत नाहीत. १३० अंशांच्या आसपास वितळायलाच लागतं, थंड होताना पीव्हीसीपेक्षा बरंच आखडतं, आणि कुठलाही सिमेंट त्याला चिकटत नाही. कुदळीच्या धारेवर टोपण म्हणून उत्तम. म्यानासाठी नाही.

प्रयोगशाळा

धूर आणि धूळ यांवर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. पीव्हीसी करपलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. डोळे चुरचुरतात, पण त्याआधीच तो ओल्या हवेत आम्ल होऊन जवळच्या पोलादावर बसतो. खोलीत टांगलेल्या हत्यारांवर दुसऱ्या दिवशी तांबूस थर दिसला तर तो पावसाचा म्हणून सोडून देऊ नका. कायडेक्सलाही हे लागू, त्यातही पीव्हीसी आहेच. स्टोव्हची किंवा गॅसची उघडी ज्योत अजिबात नको. काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. जेवणाचा ओव्हन एकदा यासाठी वापरलात की परत जेवणाला नाही.

दुसरं, जुना पाइप. पूर्वी पाइपमध्ये शिशाचे स्टॅबिलायझर (उष्णतेने प्लास्टिक बिघडू नये म्हणून मिसळायचे पदार्थ) घालायचे. त्यांना आळा घालणारे नियम भारतात २०२१ साली आले. पन्नास वेळा घासून कडा गुळगुळीत करताना ती धूळ नाकात जाते. पॉलिशपेपर ओला करून घासा: १२०, २२०, शेवटी ४००. मास्क लावा. जुनापुराणा पाइप सोडून नवा तुकडा घ्या, त्यात वाचणारे पैसे फार नाहीत.

ज्यांच्याकडे हीट गन नाही त्यांनी उकळतं पाणी वापरावं. १०० अंशांना पाइप उलगडण्याइतका मऊ होतो, करपायची भीतीच नाही. बारीक आकार मात्र उठणार नाही, कोयतीला तो लागतही नाही.

खारवाटेवरून

उकळत्या पाण्याचं पटलं. एक शंका: तापलेल्या प्लास्टिकमुळे पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं का?

प्रयोगशाळा

नाही. पोलाद थंड, प्लास्टिक १७५ च्या आत, स्पर्श क्षणभराचा. पाणी उतरतं ते हीट गनने. तिच्या तोंडाशी हवा ५०० अंशांच्या वर जाऊ शकते. म्यान सैल झालं म्हणून आत पातं ठेवून बाहेरून तापवू नका. धारेजवळचं पोलाद पातळ, ते आधी तापतं.

उसगावचा प्लंबर

बोल्ट कुठले? पॉप रिव्हेट चालतील?

कुळागरी

पॉप रिव्हेट आतून फुगतो, वॉशर नसेल तर पीव्हीसीला तिथूनच तडा जातो. शिवाय रिव्हेट अॅल्युमिनियमचा, समुद्राच्या पाण्यात स्टेनलेसला टेकला की पांढरी भुकटी होऊन झिजतो. एम-४ चे स्टेनलेस बोल्ट आणि नायलॉनवाले नट घ्या, समुद्रावर ३१६ ग्रेडचे. ड्रिल एकदम मोठं लावू नका: ३ मिमी, मग ४ मिमी, खाली लाकडाचा तुकडा. बोल्टांत ४० मिमी अंतर, धारेपासून निदान ६ मिमी लांब. बोल्ट कमी-जास्त आवळून पकड बदलता येते, हा रिव्हेटपुढे आणखी एक फायदा.

खारवाटेवरून

म्हणजे सुरीला कायडेक्स, कोयतीला पाइप, एवढ्यावर माझी तडजोड. लवचिक सुरीच्या मुठीशी पाइपमधून पकड येते हे मी अजून मानलेलं नाही.

रेंदेरमळा

आणि माडावर आकडी. पट्टा मात्र पाठीवरूनच घ्या, धारेवरून नको. धारेवरून घेतलेला पट्टा आठवड्यात कापला जातो.