प्रतिसाद: दुपारी अचानक घरी जावं लागलं तर?

कारपूल, म्हणजे एकाच गाडीतून मिळून कामावर जाणं, यावरच्या चर्चेतला 'शाळेतून फोन आला तर माझी गाडी हाताशी हवी' हा वरचा मुद्दा शंभर टक्के पटला. कारपूल नेमकं तिथेच अडतं, पेट्रोलच्या बचतीचं गणित कितीही मांडा. वॉशिंग्टन डीसी परिसरात कामावर ये-जा करणाऱ्यांसाठीच्या 'कम्यूटर कनेक्शन्स' या सेवेची 'गॅरंटीड राइड होम' (घरी पोचवण्याची हमी) योजना आहे, तिचा उल्लेख इथे कुणी केलेला दिसला नाही. आठवड्यातून किमान दोनदा कारपूल, बस, मेट्रो, सायकल किंवा पायी कामावर जात असाल तर नाव नोंदवता येतं. आजारपण, घरची तातडीची अडचण, ऐनवेळी गळ्यात पडलेला ओव्हरटाइम अशा वेळी वर्षातून ठराविक वेळा फुकट घरी पोचवतात.

आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण लेक लहान म्हणून एकटीच गाडी काढायची. या योजनेत नोंदणी झाली आणि ती आमच्या कारपूलमध्ये आली. नोंदणी मात्र आधीच करून ठेवा.