मिस केरळ माशाची जोडी शोधणाऱ्यांनी जरा इकडं या

भीमाकाठ: काल एकानं इथंच टाकलं, "सोलापुरात मिस केरळची जोडी कुठं मिळंल? वन्यजीव कायदा वाघाला असतोय, माशाला कोण विचारतंय." डोकं फिरलं राव. २०२२ च्या दुरुस्तीत हा मासा अनुसूची १ मध्ये गेलाय, वाघाच्याच यादीत, ३ ते ७ वर्षं आत. केरळ-कर्नाटकाच्या घाटातले ओढे सोडले तर जगात तो कुठंच नाही आणि तिथनंच थवेच्या थवे उपसून परदेशी टाक्या भरल्या. गिऱ्हाईक आहे म्हणून पकडणारा आहे.

टाकीवाला: पोस्ट माझीच. मला ब्रीडिंगचा पाहिजे, ओढ्यातला नको. टाकीत पैदास कधीच जमलीय. हौशी माणसाला चोर ठरवू नका.

भीमाकाठ: ऑक्सिजन भरलेल्या पिशवीवर लिहिलेलं असतंय का कुठला ते? लाल पट्टा दोघांचाबी सारखाच. विकणारा सगळ्यालाच ब्रीडिंगचा म्हणतोय.

शेंगाचटणी: जगणार तरी हाय का बे इथं? मेव्हण्यानं आणलते. थंड, वाहत्या पाण्यातला मासा तो. मे महिन्यात लाईट गेली, पंप बंद, हा बर्फाच्या पिशव्या टाकीत सोडत बसला, संध्याकाळपर्यंत सगळे उलटे.

जाळंवाला: केरळचं काय घेऊन बसलाय, उजनीत या. बारीक जाळ्यानं बोटभर पिल्लं उचलतात, आमच्या आज्जाला वाम-मरळ मिळायची, आम्हाला नुसती चिलापी. त्यावर दोनशे ओळी लिहा की.

शेंगाचटणी: मासं सोडा, पुण्याचं मैलापाणी त्याच उजनीत येतंय आणि तेच आपण पितोय, ते पण चार-चार दिवसांनी नळाला!!

टाकीवाला: अगदी. टाकीचं पाणी बदलायचं म्हटलं तर घरात भांडण. आई म्हणती आधी माणसं जगव.

जाळंवाला: उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्या खाली, गेलं की खालच्या पाण्याचा वास येतोय, मासा तोंड वर काढतोय. कालव्याला पाणी कोण ओढतंय ते बोला.

भीमाकाठ: धागा माशाच्या चोरट्या धंद्यावर आहे!

जाळंवाला: एसीत बसून शिकवू नका साहेब. आमचं पोट त्याच्यावर हाय.

भीमाकाठ: एसी नाही, पत्रा आहे घरावर. बारीक जाळ्याचं तुमचं खरं आहे, पण त्यानं मिस केरळ विकणं माफ होत नाही.

टाकीवाला: बरं बाबा, नाही घेत. गप्पी मासे पाळतो, डासांच्या अळ्या तरी खातील. झालं समाधान?

भीमाकाठ: "देतो मागवून" म्हणून इनबॉक्समध्ये कोण आलता, त्याचा स्क्रीनशॉट वनविभागाला पाठव, मग होईल.

टाकीवाला: तो गल्लीतलाच निघाला ना राव...

शेंगाचटणी: मग तर पाठवच. उद्या पाणी येणार हाय का कुणाकडं?